‘कौटुंबिक तंटे 4, मिटले 4’ : आमच्या गावच्या तंटामुक्त समितीला आणि जिल्ह्यातल्या सगळ्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या गावचे तंटामुक्त समितीचे अध्यक्ष, सरपंच ताई, पोलीस पाटील, आणि सोलापूर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत याच खुर्च्यांवर बसलेली सगळी मंडळी,

नमस्कार.

15 ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा बसली आणि समितीचा अहवाल वाचला गेला. त्यात एक ओळ होती, वर्षभरातले कौटुंबिक तंटे 4, मिटले 4. टाळ्या वाजल्या. मी पण तिथंच होते, शाळेच्या व्हरांड्यात मागं बायकांच्यात बसलेले, पण माझे हात उचलले नाहीत, कारण त्या चारातली एक जण मला माहिती आहे आणि तिचा तंटा कसा मिटला ते पण मला माहिती आहे. म्हणून हे पत्र लिहितेय. आधी वाटलं अध्यक्षांच्या घरी जाऊन बोलावं, पण घरी बोललेलं घरातच राहतं हे इतक्या वर्षांत बघितलंय, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तिला विचारून लिहितेय. ती आता आपल्या गावात राहत नाही. तिचं नाव, आडनाव, गल्ली काही लिहिणार नाही आणि कुणी मला विचारू पण नका.

मी पिठाची गिरण चालवते, 17 वर्षं झाली. गिरण चालू असली की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही, म्हणून बायका माझ्या कानाशी तोंड आणून बोलतात आणि जे कुठंच बोलत नाहीत ते तिथं बोलतात. घरी सासू असते, रानात दीर असतो, मोबाईल नवऱ्याच्या हातात असतो, दळण टाकायला मात्र एकटीला पाठवतात. ही पण तशीच बोलली होती, 2 वर्षांपूर्वी, 8 किलो ज्वारीचा डबा घेऊन आलेली, आणि मी तिला काय म्हणाले ते आधी सांगते मग तुमच्यावर बोट दाखवते. मी म्हणाले, जरा दमानं घे, लेकरं मोठी झाली की थांबतंय सगळं. हे मी म्हणाले, जिच्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, आज पण डाव्या कानानं ऐकू येत नाही. अक्का मार खाऊन 4 वेळा माहेरी आली होती आणि 4 वेळा आमच्या वडलांनीच तिला साडीचोळी करून परत नेऊन घातली. वाईट माणूस नव्हते ते. रात्रभर झोपायचे नाहीत, पण सकाळी एसटीत बसवायचेच, गाव काय म्हणेल म्हणून. ते गाव म्हणजे आपणच होतो ना, मी पण त्यातलीच.

आता तिचं सांगते. तिनं शेवटी धीर करून समितीकडं अर्ज दिला, कारण तिला तेवढाच एक दरवाजा माहिती होता. तुम्ही तिला मंदिराच्या सभामंडपात बोलावलं. समोर 14 माणसं, त्यात तिचा सासरा आणि चुलत सासरा पण, आणि 2 बायका समितीत नावाला आहेत त्या कडेला पदर तोंडाला लावून बसलेल्या. पहिला प्रश्न तिलाच विचारला गेला, तू काय केलंस म्हणून त्यानं हात उचलला? ज्या बाईनं माहेरच्या आईला पण नीट सांगितलं नव्हतं की तिला कुठं कुठं मारतो, तिनं ते 14 गड्यांसमोर सांगायचं होतं. ती गप्प बसली. तुम्ही गप्प बसण्याचा अर्थ लावला की विशेष काही नाही. मग स्टँप पेपर आणला. त्याच्याकडून लिहून घेतलं की दारू पिणार नाही, मारहाण करणार नाही, आणि तिच्याकडून लिहून घेतलं की उलट बोलणार नाही, न विचारता माहेरी जाणार नाही आणि पोलिसात जाणार नाही. नारळ फुटला, दोघांना शेजारी उभं करून फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली.

19 दिवसांनी तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता. दवाखान्यात तिनं सांगितलं गोठ्यात म्हशीनं पाडलं. मी विचारलं आता काय करालीस, तर म्हणाली, काकू मी सही केलीय, आता पोलिसात गेले तर मलाच आत टाकतील.

अध्यक्ष आण्णा, हे तुमच्या अहवालात मिटलेलं आहे.

मला तुमचा हेतू वाईट वाटत नाही. तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली तेव्हा आपल्या गावात खरंच चांगलं काम झालं होतं, बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, वाटपाचे किती भांडणं कोर्टात जाता जाता राहिली, आमच्या दिराचं पण त्यातच मिटलं. पण बांधाच्या भांडणात दोन्ही भाऊ आपापल्या घरी जाऊन आपापली भाकरी खातात. ही बाई बैठक संपल्यावर ज्यानं मारलं त्याच्याच घरात, त्याच्याच पाठीमागून चालत जाते, आणि रात्री दार लागल्यावर गावासमोर इज्जत काढलीस म्हणून परत मार खाते, तेव्हा तिथं समिती नसते. तडजोड व्हायला दोघं बरोबरीचे लागतात. मारहाणीत तडजोड कसली करता, थोडं कमी मार आणि थोडं जास्त सोस अशी?

दुसरं, तो बॉन्ड. पोलिसात जाणार नाही असं एखाद्या बाईकडून लिहून घेतलं म्हणून तिचा पोलिसात जायचा हक्क जात नाही, असल्या कागदाला कायद्यात काही किंमत नाही. पण तिला ते माहिती नसतं आणि नवऱ्याला त्याची किंमत बरोबर कळते. तो कागद कपाटात ठेवून दर भांडणात बाहेर काढत होता. तुम्ही तिच्या रक्षणासाठी म्हणून केलेला कागद त्याच्या हातातली काठी झाला.

तिसरं म्हणजे तुम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं की घर सासऱ्याच्या नावावर आहे, जास्त ताणलंस तर बाहेर काढतील. हे चुकीचं आहे हो. महिलांच्या संरक्षणाचा जो 2005 चा कायदा आहे, कौटुंबिक हिंसाचाराचा, तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, म्हणजे आपली समिती निघायच्या आधीपासून. त्यात लिहिलंय की बाई ज्या घरात नांदली त्या घरात राहायचा तिला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो नसो, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं हे पण स्पष्ट केलं की घर सासू-सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी असा हक्क मागता येतो. मला हे बचत गटाच्या एका ट्रेनिंगमध्ये कळलं. दिवसभर बसले होते आणि येताना एसटीत रडले, कारण अक्काचं आयुष्य डोळ्यांपुढून जात होतं.

तिला कुणी सांगितलंच नाही की तालुक्याला संरक्षण अधिकारी म्हणून एक माणूस नेमलेलं असतं, त्यांच्याकडं साधी तोंडी तक्रार केली तरी ते घटनेचा अहवाल लिहून कोर्टात देतात, वकील लावायला पैसे नसले तर विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मॅजिस्ट्रेटकडं अर्ज गेल्यावर पहिली तारीख साधारण 3 दिवसांत आणि निकाल तिथून पुढं 60 दिवसांत व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात हे मला पण माहिती आहे, कोर्टाच्या बाकावर मी तिच्याबरोबर बसलेली आहे. तरी पण मधल्या काळासाठी हुकूम मिळतो, आणि संरक्षणाचा हुकूम मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20 हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मारहाणीचं, छळाचं दंड संहितेतलं जे जुनं कलम 498अ होतं ते 1 जुलै 2024 पासून नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय, रद्द झालेलं नाही. पारावर कुणीतरी सांगत होतं की ते कलम आता गेलं. गेलेलं नाही.

पाटील, तुम्हाला वेगळं सांगायचंय. त्या कायद्याचं चौथं कलम म्हणतं की कुणालाही, म्हणजे शेजाऱ्याला, मास्तरला, आशा ताईला, गिरणवालीला, असं वाटलं की या घरात बाईवर हिंसा होतेय किंवा होणार आहे, तर त्यांना संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं आणि प्रामाणिकपणे कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर कुठलीच केस होत नाही. लोक घाबरतात की आपण मधी पडलो तर आपल्यावरच येईल. हे एक वाक्य तुम्ही गावात 4 वेळा सांगितलं असतं ना, तर तिच्या शेजारच्या घरातली म्हातारी, जिनं भिंतीपलीकडून सगळं ऐकलं आणि मला 2 महिन्यांनी सांगितलं, तिनं त्याच रात्री कुणाला तरी उठवलं असतं.

आता दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात त्यांचं उत्तर देते.

एक, बायका खोट्या केसेस करतात. कुठंतरी कुणीतरी करत असेल, मी नाही म्हणत नाही. पण देशाच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 च्या, लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या बायकांत दर 100 मागं 29 जणींनी सांगितलं की नवऱ्याकडून हिंसा झालीय. आणि त्याच सर्वेक्षणात, हिंसा झालेल्या बायकांत मदत मागितलेल्या फक्त 14 टक्के. आपल्या गावच्या मतदार यादीत बायका किती आहेत ते बघा आणि हिशोब तुम्हीच करा. तुमच्याकडं 4 अर्ज आले. बाकीच्या गप्प आहेत त्याचं काय?

दुसरं, दारूमुळं होतंय, माणूस चांगला आहे. दारू बंद व्हायलाच पाहिजे, आडव्या बाटलीसाठी मी पण सह्या गोळा करायला फिरलेय. पण तिचा नवरा पिऊन कधी चेअरमनच्या अंगावर गेला नाही, ज्याच्याकडून उसनं घेतलं त्याच्या अंगावर गेला नाही, प्यालेला असला तरी बरोबर भान ठेवून घरी येऊन दार लावून बायकोलाच मारत होता. आणि गावात न पिता मारणारे पण आहेत, त्यातला एक सभामंडपात त्या दिवशी पंच म्हणून बसला होता. नाव लिहीत नाही. त्याच्या बायकोनं पण माझ्या कानात सांगितलेलं आहे.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू का, गावाला मदत करता येत नाही असं नाहीये. आषाढीला दिंडी मुक्कामाला येते तेव्हा एका तासात घराघरातून भाकरी गोळा होतात, दीड-दोनशे अनोळखी माणसं जेवून झोपतात, कुणी विचारत नाही तुम्ही कोण, तुमची चूक काय. मागच्या उन्हाळ्यात रात्री 2 वाजता एकाच्या छातीत कळ आली तर 3 गाड्या दारात उभ्या होत्या. त्याच आळीत त्याच महिन्यात एक बाई 2 लेकरं घेऊन रात्रभर मारुतीच्या देवळामागं बसली होती आणि एक दार उघडलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं भांडण म्हणून. छातीतली कळ पण दुसऱ्याच्या घरातलीच होती ना.

हेरवाडचं तर सगळ्यांना माहितीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातलं एवढंसं गाव, 2022 ला ग्रामसभेत ठराव केला की विधवा बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि सरकारला मग सगळ्या ग्रामपंचायतींना तसं पत्र काढावं लागलं. त्या चळवळीमागं तर आपल्या करमाळ्याची माणसं होती, सोलापूर जिल्ह्यातलीच. म्हणजे ग्रामसभेत ताकद आहे. नवरा गेल्यावर बाईला माणसासारखं वागवायचा ठराव होऊ शकतो तर नवरा जिवंत असताना का नाही?

म्हणून मागण्या. एकदम साध्या आहेत, कुठल्याच मागणीला मंत्रालयात जावं लागत नाही.

1. घरातल्या मारहाणीचा अर्ज आला तर समितीनं तडजोड करायची नाही, बैठक लावायची नाही, बॉन्ड करायचा नाही. अर्ज त्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्याकडं जाईल, जखम असली तर आधी दवाखाना आणि पोलीस. बाईशी बोलायचं ते बाईनं, एकटीशी, बंद खोलीत. तिला परत नांदायला जायचं असेल तर तो तिचा निर्णय, पण तो तिनं सगळं माहिती असताना घ्यायचा, 14 माणसांच्या दबावाखाली नाही. आणि अहवालात ‘मिटले’ हा शब्द या प्रकरणांना लावायचा नाही. जुने जेवढे असले बॉन्ड केलेत ते रद्द समजावेत असं ग्रामसभेत जाहीर करा, त्या बायकांच्या समोर.

2. ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना, रेशन दुकान आणि माझी गिरण, एवढ्या ठिकाणी बोर्ड लावा. 112 पोलिसांचा, 181 महिलांचा, 15100 फुकट वकिलासाठी. त्याखाली तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर, आणि माणूस बदलला की नंबर पण बदला. सोलापूरला सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथं काही दिवस राहायची सोय, पोलीस, वकील, दवाखाना सगळं एका ठिकाणी मिळतं, हे पण लिहा. आता करमाळ्याच्या टोकाच्या गावातल्या बाईनं 100 किलोमीटरच्या पुढं रात्री कसं जायचं हा प्रश्न आहेच, त्यासाठी पुढची मागणी.

3. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आपल्याकडं त्यातनं दरवर्षी काय येतं, खुर्च्या, हळदीकुंकवाचं वाण आणि एक वर्षी शिलाई मशीन, तीन पडून आहेत. त्यातला ठराविक पैसा अशा वेळच्या गाडीभाड्याला, दवाखान्याला, पहिल्या महिन्याच्या रेशनला बाजूला ठेवा. सही 2 बायकांची असावी, बचत गटांच्या ग्रामसंघातल्या. पैसे मागायला तिला सरपंचांच्या घरच्या ओट्यावर उभं राहायला लावू नका.

4. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असा नियम आहे. आपल्याकडं ती रजिस्टरवर होते, शिपाई घरोघरी सह्या आणतो. ती खरी घ्या, आणि सरपंच ताई, हे तुम्हाला हात जोडून, त्या सभेला तुमच्या मालकांनी खुर्चीत बसू नये. तुम्ही निवडून आलाय. निम्म्या जागा बायकांना मिळाल्या त्या याच कामासाठी पण मिळाल्यात.

5. घरपट्टीच्या उताऱ्यावर, नमुना 8 वर, नवरा-बायको दोघांचं नाव लावायची मोहीम घ्या. सरकारचंच जुनं धोरण आहे, ‘घर दोघांचं’. आपल्या गावात किती उताऱ्यांवर बायकांची नावं आहेत ते मी विचारलं होतं, उत्तर अजून आलेलं नाही.

6. बाई वेगळी राहायला लागली की तिला रहिवासी दाखला, रेशनकार्डात नाव, लेकरांचा शाळाप्रवेश यासाठी नवऱ्याला घेऊन ये असं कुणी म्हणायचं नाही. तिला तसंच म्हटलं गेलं होतं, ग्रामपंचायतीच्याच टेबलावर, आणि त्याच टेबलावर 2 महिने आधी तिच्या हाताचे फोटो पडले होते.

एवढं तुमचं. बाकी आमचं आम्ही सुरू केलंय, बचत गटातल्या 10 जणींनी. कुठून आवाज आला तर एकीनं जायचं नाही, दोघी-तिघींनी जायचं, दार वाजवायचं आणि काहीही मागायचं, विरजण, साखर, काडीपेटी. मारणारा थांबतो, निदान त्या वेळेपुरता, कारण त्याला कळतं की बाहेर ऐकू जातंय. जिला गरज आहे तिचे कागद, आधार, पासबुक, लेकरांचे जन्माचे दाखले, लग्नाची पत्रिका, यांच्या झेरॉक्स तिच्या घराबाहेर ठेवायच्या, कुठं ते मी इथं लिहिणार नाही. फोन तिच्या मोबाईलवरून करायचा नाही कारण नवरे नंबर तपासतात, आमच्या मोबाईलवरून करायचा. ती एकदा परत नांदायला गेली म्हणून रागवायचं नाही, चार वेळा गेली तरी नाही. माझ्या अक्काला पाचव्यांदा कुणी विचारलंच नाही. आणि बाई घर सोडून निघते तेव्हाच तिच्या जिवाला जास्त धोका असतो, म्हणून त्या दिवसाचं कुणालाच सांगायचं नाही, तिच्या माहेरच्या चांगल्या माणसाला पण नाही, कारण चांगली माणसंच सासरी फोन करून समजूत घालायला जातात.

यात गडी माणसांचं काम आहे ते बायकांना जमत नाही. पारावर कुणी बायकोला कसं सरळ केलं ते फुशारकीनं सांगतो तेव्हा बाकीचे हसतात. तिथं एकानं जरी म्हटलं की हे बरोबर नाही, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. तालमीतली पोरं, गणपती मंडळातली पोरं, तुम्ही लेझीम खेळता तेव्हा अख्खं गाव बघतं तुमच्याकडं, तुम्ही ठरवलं तर हे तुम्हाला जमेल. मंडळाच्या मांडवात त्या नंबरांचा एक बोर्ड लावा एवढीच माझी मागणी.

ती आता एका गावात डाळिंबाच्या बागेत कामाला जाते. लेकरं शाळेत आहेत. हात पूर्ण सरळ होत नाही, भाकरी थापताना दुखतो म्हणते. केस चालू आहे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यावा म्हणून मी लेखी अर्ज दिलाय, 37 बायकांच्या सह्या आहेत, त्यात 9 अंगठे, आणि 6 गडी माणसांच्या पण आहेत. पोच घेतलीय, शिक्का आहे त्यावर. विषयपत्रिकेत हा विषय आला नाही तर मी सभेत उभी राहून अर्ज वाचणार आहे. गिरण त्या दिवशी दुपारपर्यंत बंद राहील, दळण आदल्या दिवशी टाका.

आपली,
गावातली गिरणवाली काकू